नवरदेवाचा केक

भाचीचं रिसेप्शन होऊन दीड महिना झाला तरी मला फोन येतायत. "बाजूच्या टेबलावर होता ना, बुटका, मनुकांचा, तो केक कशाचा होता गं?" दर वेळी सांगताना मला पहिल्याइतकाच आनंद होतो. पण फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

जावई अमेरिकेतल्या अलाबामाचा, मोबिल नावाच्या बंदराच्या शहरातला. लग्न इथे, विलेपार्ल्याला. सकाळी आपल्या पद्धतीने अक्षता, संध्याकाळी त्याच हॉलमध्ये रिसेप्शन. ऑगस्टमध्ये भाचीचा फोन आला, "मावशी, केक तूच करायचास. आणि एक नाही, दोन."

मी गोरेगावला घरून केक करते, चौदा वर्षं झाली. वाढदिवस, बारशी, साठीशांत, सगळं घेते. लग्नाचे केक मात्र घेत नाही. कारण थर्माकोल. रिसेप्शनच्या स्टेजवर पाच मजली केक दिसतो, त्यातले चार मजले कित्येकदा थर्माकोलचे असतात आणि वरून फॉन्डंट, म्हणजे साखरेच्या लगद्याचा लाटलेला थर, चढवलेला असतो. सुरी फिरते तेवढाच भाग खरा. फोटो झाला की केक मागे जातो आणि पाहुणे बुफेच्या रांगेत लागतात. जे कुणी खाणारच नाही ते करायला माझे हात उठत नाहीत. भाचीला हे माहीत होतं. ती म्हणाली, "तू आधी माझ्या सासूशी बोल."

विहीणबाईंशी व्हिडिओ कॉल झाला. माझं इंग्रजी बेताचं, त्यांचे उच्चार लांबट आणि संथ, त्यामुळे दोघींना एकमेकींचं बरोबर कळत होतं. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. चर्चच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. खायला-प्यायला केक, पंच (फळांच्या रसाचं पेय), खारे दाणे, लोण्याच्या पांढऱ्या मिंटच्या गोळ्या आणि चीज स्ट्रॉ, म्हणजे चीज घालून केलेल्या तिखट कुरकुरीत कांड्या. बस्स. मी विचारलं, "आणि जेवण?" त्या म्हणाल्या, "नव्हतंच." त्यांच्याकडे कित्येक वर्षं रिसेप्शन असंच व्हायचं, दारू नाही, पंगत नाही, दोन तासांत आटोपतं.

हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जेवणच नसेल तर केक हेच जेवण! मग तो कशाचा करायचा, कुणी कापायचा, कुणाच्या हाती ताटली द्यायची, याला आपल्याकडच्या पंगतीइतकंच महत्त्व येणार. आता तिकडेही जेवणाची रिसेप्शन्स होतात, पण केकचा तो मान अजून टिकून आहे. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

दोन केक का, तेही त्यांनीच सांगितलं. पांढरा मोठा तो नवरीचा. दुसरा नवरदेवाचा, आणि तो बहुतेकदा नवरीने किंवा तिच्या माहेरच्यांनी त्याला भेट म्हणून द्यायचा. ही चाल मूळची इंग्लंडची. तिथे तो सुक्या मेव्याचा काळपट केक असायचा, त्याचे तुकडे छोट्या डब्यांत घालून पाहुण्यांना घरी द्यायचे आणि लग्न न झालेल्या मुली तो तुकडा रात्री उशीखाली ठेवायच्या, स्वप्नात होणारा नवरा दिसावा म्हणून. इंग्लंडात ही चाल मागे पडली, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी मात्र जपली. (२०११ साली प्रिन्स विल्यमने स्वतःच्या लग्नात फ्रूट केकच्या जोडीला लहानपणचा आवडता चॉकलेट बिस्किट केक मागून घेतला होता, तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही त्याची चर्चा झाली होती.) दक्षिणेत आता हा केक बहुतेक वेळा चॉकलेटचा असतो आणि नवऱ्याच्या छंदाच्या आकाराचा. मासेमारी आवडत असेल तर मासा, अमेरिकन फुटबॉल असेल तर त्याच्या कॉलेजच्या टीमचं हेल्मेट.

ऐकता ऐकता मला रुखवत आठवलं. आपण मुलीच्या बाजूने रुखवत मांडतो, त्यात साखरेचं तुळशीवृंदावन, चिरोट्यांची कमळं, मुलीने स्वतः केलेलं भरतकाम. हा केक म्हणजे जावयासाठी मांडलेलं रुखवतच की.

भाचीच्या मैत्रिणींनी आकार सुचवायला सुरुवात केली. त्याला मुंबईची लोकल फार आवडते, लोकलचा डबा कर. गिटार कर. मी ठाम नाही म्हटलं. आकार आला की फॉन्डंट आला, आणि फॉन्डंट लोक ताटलीच्या कडेला काढून ठेवतात. मी विहीणबाईंना एवढंच विचारलं, "तो लहानपणी घरचं काय खाऊन वाढला?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या आजीचा लेन केक."

दुसऱ्या दिवशी एका कार्डाचा फोटो आला. पिवळं पडलेलं, कडेला लोण्याचा डाग, आजीचं तिरपं अक्षर. आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या, एवढा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता.

लेन केक म्हणजे एमा रायलँडर लेन या बाईंचा. अलाबामातल्या क्लेटन गावच्या. जॉर्जियातल्या कोलंबसच्या जत्रेत त्यांच्या या केकला पहिलं बक्षीस मिळालं आणि १८९८ साली त्यांनी तो स्वतः छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात दिला, 'प्राइझ केक' या नावाने. लोकांनी पुढे त्यांचंच नाव त्याला लावलं. २०१६ पासून तो अलाबामाचा अधिकृत गोड पदार्थ आहे. त्याची रचना मला अतिशय आवडली. आठ अंडी फोडायची. पांढरं सगळं केकच्या थरांत, बलक सगळा मधल्या सारणात, काही म्हणजे काही वाया जात नाही. सारणात बलक, साखर, लोणी, मनुका आणि व्हिस्की. ओलं खोबरं आणि पिकान, म्हणजे अक्रोडाच्या कुळातला त्यांच्याकडचा सुका मेवा, हे पुढच्या बायकांनी वाढवलं. आजींच्या कार्डावर दोन्ही होतं.

आता अडचण. रिसेप्शन शनिवारी. आमच्याकडचे कितीतरी पाहुणे शनिवार पाळणारे, शिवाय माझी आई आणि तिच्या बहिणी अंडं कधीच खात नाहीत. पण दोन केक असल्यामुळे हे आपोआप सुटलं. नवरीचा पांढरा केक पूर्ण बिनअंड्याचा, दही आणि कंडेन्स्ड मिल्कचा, आणि तिकडे पांढऱ्या लग्नाच्या केकला जो बदामाचा वास असतो तो त्यात. जावयाचा अंड्याचा, व्हिस्कीचा, वेगळ्या टेबलावर, वेगळी सुरी, वेगळे चमचे, आणि समोर मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी.

तालमीला मी सप्टेंबरपासून लागले. पहिला लेन केक चिवट झाला. तिकडच्या दक्षिणेत मऊ हिवाळी गव्हाचं पीठ वापरतात. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १८८३ साली सुरू झालेल्या 'व्हाइट लिली'चं पीठ तसं. त्यात प्रथिनं कमी, म्हणून केक हलका. आपला मैदा त्याहून ताकदीचा. दर कपातून दोन मोठे चमचे मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घातलं, तीनदा चाळलं आणि अंड्याचं पांढरं फेटून हलक्या हाताने मिसळलं, तेव्हा थर जमले.

सारण मात्र पहिल्यांदा फसलं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर दुसरं भांडं, त्यात आठ बलक, साखर आणि लोणी. लाकडी उलथन्याने सारखं हलवायचं. पाच मिनिटं काही होत नाही, मिश्रण नुसतं पिवळं पातळ. मग कडेला किंचित घट्ट होऊ लागतं, उलथनं उचललं की त्याच्या पाठीवर पातळ साय राहते आणि बोट फिरवलं की रेघ तशीच उमटून राहते. तो क्षण. त्याच क्षणी खाली उतरवायचं. मी दाराची बेल वाजली म्हणून गेले आणि परत येईपर्यंत भुर्जी झाली होती. दुसऱ्या वेळी मोबाइल बंद, दार बंद. खाली उतरवल्यावर मनुका, पिकान, विळीवर खवलेला ताजा नारळ आणि शेवटी बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. तो चमचा तोंडात घातला आणि मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. करंजीचं सारण! कुणीतरी आपल्या करंजीच्या सारणात लोणी आणि बलक घातलाय असंच वाटलं. अलाबामातल्या बाईचा पदार्थ आणि माझ्या जिभेला तो दिवाळीचा लागत होता.

लग्नाच्या केकसाठी पिकान विहीणबाई येताना दोन किलो घेऊन आल्या. बर्बनही त्यांनीच विमानतळावरून आणली. मनुका आणि बाकीचं सामान मी क्रॉफर्ड मार्केटातून आणलं, तिथूनच केकचे जाड बोर्ड, नाड्या आणि पांढरे पुठ्ठ्याचे छोटे डबे पन्नास.

विहीणबाई लग्नाच्या पाच दिवस आधी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मोबिल हे अमेरिकेतल्या सर्वांत जास्त पावसाच्या शहरांपैकी एक, समुद्राकाठी, दमट. त्यामुळे मुंबईच्या हवेची त्यांना अजिबात भीती नव्हती. लेन केकच्या कडांना जे उकडलेलं पांढरं आयसिंग लावतात ते पावसाच्या दिवशी करायचंच नाही, साखर हवेतलं पाणी ओढते आणि आयसिंगला घाम फुटतो, हे मला त्यांनी सांगितलं. डिसेंबर होता म्हणून आम्ही वाचलो. लेन केक आम्ही गुरुवारीच करून ठेवले, कारण तो एक-दोन दिवस मुरला की खरा लागतो. चार केक, बत्तीस अंडी. दोन बायका, एक ओटा आणि भाषा अर्धी-अर्धी, पण भांडं कुणी धरायचं आणि कुणी निपटायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही.

त्यांनी एक छोटी मखमली थैलीही आणली होती. त्यात चांदीचे बारीक पदक, प्रत्येकाला लांब सॅटिनची रिबन. त्यांच्या बाजूला, विशेषतः न्यू ऑर्लिन्सकडे, ही गंमत आहे. नवरीच्या केकच्या सगळ्यात खालच्या थराखाली पदकं दडवायची, रिबनी बाहेर लोंबत्या ठेवायच्या आणि केक कापायच्या आधी मैत्रिणींनी एकेक ओढायची. अंगठी निघाली तर पुढचं लग्न तिचं, हृदय निघालं तर नवं प्रेम, जहाजाचा नांगर निघाला तर आशा. आणि अंगुस्तान निघालं, शिवणकामातलं, तर ती बिनलग्नाची राहणार. भाचीच्या एका मैत्रिणीचं जमलेलं लग्न मोडून सहाच महिने झाले होते. मी विहीणबाईंना ते सांगितलं. त्यांनी काही न बोलता अंगुस्तान काढून पर्समध्ये टाकलं आणि त्याच्या जागी दुसरा नांगर बांधला. त्या क्षणापासून त्या मला परक्या वाटल्या नाहीत.

वाढायचं कुणी, हे ठरवायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. तिकडे केक कापणं आणि पंच ओतणं हा मानाचा भाग असतो. नवरीच्या मावश्या, मैत्रिणी, आईच्या जिवलग यांना आधी रीतसर विचारतात. त्या मंडळींना तिकडे 'हाउस पार्टी' म्हणतात आणि बोलावणं आलं नाही तर माणसं मनाला लावून घेतात. आपल्याकडेही पूर्वी घरच्याच मुली-सुना वाढायच्या, शेजारचे काका मठ्ठा फिरवायचे. कॅटरर आले आणि ते गेलं. मी ठरवलं, केकला कॅटररचा हात लागणार नाही. वहिनीला, मामीला, दोन चुलत बहिणींना आणि ताईच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींना घरी जाऊन विचारलं, "माझ्याबरोबर केक वाढशील का?" मामी सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या. म्हणाल्या, "मला कुणी वाढायला बोलावून दहा वर्षं झाली. येते."

त्यांना शिकवण्यासाठी मी थर्माकोलचेच गोल आणले, शेवटी तेही कामाला आले. गोल केक आपण वाढदिवसाला कापतो तसा त्रिकोणात कापायचा नाही. कडेपासून दोन इंच आत सुरीने वर्तुळ पाडायचं, बाहेरच्या कड्याचे एक-एक इंचाचे तुकडे करायचे, मग आतलं वर्तुळ, मग त्याच्या आतलं. या मापाने ६ इंची मजल्याचे १२ तुकडे होतात, ८ इंचीचे २४, १० इंचीचे ३८ आणि १२ इंचीचे ५६. आमचे पाहुणे अडीचशे. चार मजल्यांचे १३०, त्यातून सगळ्यात वरचा मजला वगळायचा, कारण तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायचा असतो. (आईने विचारलं, "वर्षभर शिळा?" पण तिनेच फ्रीजरमधली जागा रिकामी करून दिली.) उरलेल्यांसाठी त्याच चवीचे चौकोनी साधे केक आत स्वयंपाकघरात तयार ठेवले. तिकडेही असंच करतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. थर्माकोलपेक्षा हे शंभर पटीने प्रामाणिक आहे.

शनिवारी दुपारी मजले वेगवेगळ्या खोक्यांत घालून, गाडीचा एसी पूर्ण चालू ठेवून गोरेगावहून निघालो. हॉलवाल्यांनी चारपासून एसी चालू ठेवायचं कबूल केलं होतं. पोहोचलो तर हॉल भट्टीसारखा. मी तीनदा जाऊन सांगितलं, तीनदा "हो मॅडम, लावतोय" ऐकलं, एसी लागला सव्वासहाला. तोवर मी केक रचून बसले होते आणि त्यावर व्हिडिओवाल्यांचा हॅलोजन थेट येत होता. तिसऱ्या मजल्याच्या कडेला बटरक्रीमचा फुगवटा दिसायला लागला. अजून पाच मिनिटं गेली असती तर वरचा मजला कलला असता. दोन भाचे आणि मी असं तिघांनी टेबलासकट केक उचलून खांबाआड, सावलीत नेला. मी बर्फाच्या पाण्यात बुडवलेली पट्टी पुसून कडेवरून फिरवली. फुगवटा बसला. माझ्या साडीला लागलेलं बटरक्रीम अजून निघालेलं नाही. तुम्ही कुणी हॉल बुक करणार असाल तर एसीची वेळ कागदावर लिहून सही घ्या, आणि केकचं टेबल कुठे असणार ते व्हिडिओवाल्यांना आदल्या दिवशी दाखवा.

मुलींनी रिबनी ओढल्या. अंगठी निघाली ती जावयाच्या बावीस वर्षांच्या बहिणीला आणि सगळ्यांनी एकच गलका केला. ज्या मैत्रिणीची मला काळजी होती तिला नांगर आला. मग पहिला तुकडा. तिकडे नवरा-नवरी एकमेकांना केक भरवतात आणि आपल्याकडे घास भरवताना उखाणा, म्हणजे काही वेगळं करायचंच नव्हतं. भाचीने घेतला:

पांढरा केक माहेरचा, मनुकांचा सासरचा,
… नाव घेते, मान पहिल्या घासाचा!

जावयाला आपला केक कशाचा आहे हे तोवर माहीत नव्हतं. त्याने बाजूच्या टेबलावरचा तुकडा तोंडात घातला, चावता चावता थांबला आणि आईकडे बघितलं. विहीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो स्टेजवरून उतरून आला आणि खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. हे त्याला कुणी शिकवलं होतं मला ठाऊक नाही.

पुढचा तासभर मी कुणाशी नीट बोललेसुद्धा नाही. गरम पाण्याच्या भांड्यात सुरी बुडवायची, पुसायची, एक काप, परत पुसायची. मामी खुर्चीवर बसून ताटल्या भरत होत्या आणि प्रत्येकाला विचारत होत्या, "शनिवार आहे का तुमचा? मग हा पांढरा घ्या." कुणी "एवढासाच?" म्हणालं तर वहिनी हसून दुसरा तुकडा ठेवायची. इंचाचे तुकडे असण्याचा हाच फायदा आहे, आग्रह करता येतो. बुफे सुरू झाला तरी केकच्या टेबलाशी गर्दी होती. लेन केक पावणेनऊला संपला. डब्यांत आधीच पन्नास तुकडे भरून ठेवले होते म्हणून बरं. जाताना ताई आणि विहीणबाई दाराशी उभ्या राहून एकेकाला पेढ्याच्या पुड्याबरोबर तो डबा देत होत्या, आणि तरण्या मुलींना उशीखाली ठेवायचं आवर्जून सांगत होत्या.

एक काप मी बाजूला काढून ठेवला होता. रात्री नऊ वाजता मोबिलमध्ये सकाळचे साडेनऊ होतात. विहीणबाईंनी आजींना व्हिडिओ कॉल लावला आणि मी तो काप कॅमेऱ्यासमोर आडवा धरला, थर आणि सारण दिसेल असा. आजींनी चष्मा लावला, डोळे स्क्रीनजवळ आणले आणि बराच वेळ बघत राहिल्या. हॉलमध्ये सनई वाजत होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला दोनदा विचारावं लागलं.

सारण बरोबर जमलंय, त्या म्हणाल्या. फक्त मनुका एवढ्या बारीक चिरायच्या नाहीत.

घरी आल्यावर मी त्या कार्डाची छापील प्रत काढली आणि मनुकांच्या ओळीपुढे पेनने लिहून ठेवलं: 'अर्ध्याच कापायच्या. आजी.'